विश्लेषण : मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या हाती धनुष्य देणारा डॉक्टर! दिव्यांगांच्या मैदानी स्पर्धा सुरू झाल्या कशा?

नोव्हेंबर संपत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या दिव्यांग शाळांमध्ये सरावाची धांदल सुरू होते. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या आसपास जिल्हास्तरीय क्रीडा स्पर्धा भरतात. मैदानावर चुन्याच्या रेघा पडतात, शिट्टी वाजते आणि धावणे, लांब उडी, गोळाफेक अशा प्रकारांत मुले उतरतात. कोणी शिक्षकाचा हात धरून धावते, कोणी कुबडी बाजूला ठेवून खुर्चीत बसून गोळा फेकते. दुसऱ्या दिवशी पेपरात पाहुण्यांच्या भाषणाची बातमी आणि बक्षीस वितरणाचा फोटो येतो. गोळा किती मीटर गेला, हे मात्र बऱ्याचदा बातमीत नसतेच.

खरे तर या स्पर्धांची सुरुवात झाली तेव्हा मोजमापालाच सर्वाधिक महत्त्व होते. कारण त्या कौतुकासाठी सुरू झाल्या नव्हत्या. त्या एका रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून सुरू झाल्या. सुरू करणारा माणूस खेळाडू नव्हता, क्रीडा अधिकारीही नव्हता. तो मज्जासंस्थेचा डॉक्टर होता आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून बाहेर पडलेला ज्यू निर्वासित होता. नाव सर लुडविग गुटमन. आजच्या पॅरालिम्पिकचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

कोण होते गुटमन?

लुडविग गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट या गावी झाला. तेव्हा हे गाव जर्मन साम्राज्यात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. ते लहान असतानाच कुटुंब कोनिग्सहुट या शहरात राहायला गेले. हा सारा कोळसा खाणींचा भाग. खाणीत दरड कोसळणे, माणूस दबणे हे तिथे नेहमीचेच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, १८ वर्षांचे गुटमन तिथल्या अपघात रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करत होते. तिथे पाठीचा कणा मोडलेला एक धडधाकट तरुण खाणकामगार दाखल झाला. कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. गुटमन त्याची नोंद सविस्तर लिहू लागले, तेव्हा फार लिहू नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे त्यांना वरिष्ठांकडून सांगण्यात आले. झालेही तसेच. पाठीवर जखमा झाल्या, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि सुमारे पाच आठवड्यांत तो कामगार गेला. हा रुग्ण गुटमन आयुष्यभर विसरले नाहीत.

पुढे ब्रेस्लाऊ आणि फ्रायबुर्ग इथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२४ मध्ये ते डॉक्टर झाले. ब्रेस्लाऊला ऑटफ्रिड फोर्स्टर या त्या काळच्या नामांकित मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी रुग्णालयांतून काढण्यात आले. गुटमन यांची नोकरी गेली. ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि १९३७ मध्ये तिथले प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र इतिहासात ‘क्रिस्टलनाख्ट’ म्हणून नोंदली गेली आहे. जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारो पुरुषांची धरपकड झाली. त्या रात्री गुटमन यांनी कर्मचाऱ्यांना सांगून ठेवले की दारात जो येईल त्याला दाखल करून घ्यायचे, काही विचारायचे नाही. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी तपासणीला आले. एवढे रुग्ण एका रात्रीत कसे वाढले, हा त्यांचा प्रश्न होता. गुटमन त्यांच्याबरोबर खाटेखाटेपाशी फिरले आणि प्रत्येकाला कोणता आजार आहे ते सांगत गेले. अनेकांना काहीच झालेले नव्हते. दाखल झालेल्या ६४ जणांपैकी ६० जण छळछावणीत जाण्यापासून वाचले.

यानंतर जर्मनीत राहणे अशक्य होते. पण ज्यूंचे पासपोर्ट जप्त झालेले. मार्ग निघाला तो विचित्रच. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्राला तपासण्यासाठी नाझी सरकारनेच गुटमन यांना प्रवासाची परवानगी दिली. परतीच्या वाटेवर ते लंडनला थांबले. निर्वासित विद्वानांना मदत करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेने त्यांच्या राहण्याची आणि कामाची सोय करण्याचे कबूल केले. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्सा, मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी यांच्यासह ते इंग्लंडला पोहोचले. दुसरे महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा सहा महिनेही उरले नव्हते.

स्टोक मँडविलमध्ये त्यांनी वेगळे काय केले?

ऑक्सफर्डमध्ये गुटमन यांना संशोधनाचे काम मिळाले, रुग्ण तपासण्याचे नाही. हाताशी रुग्ण नाहीत याचा त्यांना जाच होई. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे एक काम ठेवले. युरोपात मोठी चढाई होणार होती, पाठीत गोळ्या लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार होते. त्यांच्यासाठी आयल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडविल रुग्णालयात वेगळा विभाग सुरू करायचा होता. इतर डॉक्टरांना या कामात रस नव्हता. जे रुग्ण मरणारच आहेत, त्यांच्यावर वेळ कशाला घालवायचा, हा तेव्हाचा रूढ समज. गुटमन यांनी होकार दिला, पण उपचार आपल्या पद्धतीने होतील, त्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही, ही अट घातली. १ फेब्रुवारी १९४४ रोजी विभाग सुरू झाला.

त्यांची पद्धत ऐकायला अगदी साधी वाटते. मज्जारज्जू तुटला की त्याखालच्या भागाला स्पर्श कळत नाही. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो, हा रुग्ण बदलू शकत नाही. एकाच जागी दाब पडून कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत जखमेला सुरुवात होते. म्हणून गुटमन यांनी नियम केला की प्रत्येक रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. दिवसा आणि रात्रीही. अनेक सैनिक दुसऱ्या रुग्णालयांतून प्लास्टरच्या साच्यात जखडून येत. गुटमन ते प्लास्टर आधी काढून टाकत, कारण आत जखमा चिघळलेल्या असत. लघवीची नळी घालताना ते स्वच्छतेचा कमालीचा आग्रह धरत. पहाटे अचानक फेरी मारून रुग्ण वळवला आहे की नाही ते स्वतः पाहत. परिचारिका आणि वॉर्डबॉय वैतागत. गुटमन तापट होते, हेकट होते आणि त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसे, हे त्यांच्यावर जीव लावणारेही कबूल करत. रुग्ण मात्र त्यांना ‘पॉपा’ म्हणजे बाबा म्हणू लागले.

रुग्ण जगू लागले. मग पुढचा प्रश्न आला. जगून करायचे काय? विशी-पंचविशीतली ही पोरे दिवसभर छताकडे पाहत पडून राहत. गुटमन यांनी विभागात सुतारकाम आणि घड्याळ दुरुस्तीची कामे सुरू केली.

हा सगळा तपशील धाराशिवच्या वाचकाला दूरचा वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात आताच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली गावे अशाच जखमांना सामोरी गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर जड माळवद. घर बसले ते झोपलेल्या माणसांच्या अंगावर. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली, त्याहून अधिक जखमी झाली. भूकंपात छत अंगावर पडून होणाऱ्या इजांमध्ये पाठीच्या कण्याची इजा ही सर्वांत वाईट इजांपैकी एक. ढिगाऱ्यातून बाहेर काढताना माणूस हातपाय धरून ओढला, तर उरलासुरला मज्जारज्जूही दुखावतो. त्यातून वाचलेल्याला पुढे आयुष्यभर तेच दोन तासांचे गणित सांभाळावे लागते आणि गावातल्या घरात ते आई, बायको नाही तर सून सांभाळते. आज भूकंप नसला तरी झाडावरून पडणे, विहिरीत पडणे, दुचाकीचा अपघात या कारणांनी असे रुग्ण येतच असतात. त्यांच्या नातेवाइकांना गुटमन हे नाव माहीत नसेल. पण डिस्चार्ज देताना डॉक्टर कूस बदलण्याबद्दल जे बजावतात, ती पद्धत रुळवली स्टोक मँडविलने.

मग यात खेळ आले कुठून?

रुग्णालयाच्या आवारात काही रुग्ण व्हीलचेअरवर बसून हातातली काठी उलटी धरून एक चकती इकडून तिकडे टोलवत होते. गुटमन यांनी ते पाहिले. यातून व्हीलचेअर पोलो सुरू झाला आणि गुटमन स्वतः खुर्चीत बसून खेळले. खेळ इतका धसमुसळा निघाला की तो बंद करावा लागला. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. व्यायाम करा म्हटले की जे टाळाटाळ करत, तेच खेळात घाम गाळत होते. दंड, खांदे, पाठ मजबूत होत होती, तोल सांभाळता येत होता. खुर्चीतून खाटेवर स्वतःहून सरकायला हीच ताकद लागते.

नंतर आली तिरंदाजी. तिची निवड विचारपूर्वक होती. धनुष्य ओढायला खांद्याची ताकद लागते, पायाची नाही. त्यामुळे खुर्चीतला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडविलच्या हिरवळीवर १६ खेळाडूंची तिरंदाजी स्पर्धा झाली. १४ पुरुष, २ महिला, सगळे युद्धात जखमी झालेले. एका बाजूला स्टोक मँडविल, दुसऱ्या बाजूला रिचमंडचे ‘स्टार अँड गार्टर’ हे माजी सैनिकांचे निवासगृह. तारीख योगायोगाने जुळली नव्हती, गुटमन यांनी ती मुद्दाम निवडली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी जाहीर केले की एक दिवस या स्पर्धा दिव्यांगांचे ऑलिम्पिक म्हणून ओळखल्या जातील. ऐकणाऱ्यांना तेव्हा ती बढाई वाटली असल्यास नवल नाही, कारण त्या वर्षी खेळाडू होते अवघे ३७.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दिव्यांगांसाठी जगात पहिली मोठी स्पर्धा गुटमन यांनी घेतली, असे सरसकट म्हटले जाते ते बरोबर नाही. कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९२४ पासून पॅरिसमध्ये सुरू झाल्या होत्या आणि आजही त्या डेफलिम्पिक म्हणून स्वतंत्र भरतात. गुटमन यांचे काम पाठीच्या कण्याच्या इजेपासून सुरू झाले. ‘पॅरालिम्पिक’ हा शब्दही आधी ‘पॅराप्लेजिया’ म्हणजे कमरेखालच्या अर्धांगावरून आला. पॅरा म्हणजे समांतर, हा अर्थ नंतर रूढ झाला.

१९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. दर वर्षी देश वाढत गेले, भालाफेक आणि गोळाफेक यांची भर पडली. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ऑलिम्पिक चळवळीच्या सेवेबद्दल फर्नली चषक देऊन या कामाची दखल घेतली.

सप्टेंबर १९६० मध्ये स्पर्धा पहिल्यांदा इंग्लंडबाहेर, रोममध्ये भरली. ऑलिम्पिक संपल्यावर काही दिवसांतच त्याच शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. या स्पर्धेला पुढे पहिली पॅरालिम्पिक म्हणून मान्यता मिळाली. मात्र राहण्याची सोय अशा इमारतींत झाली की वर जायला जिने चढावे लागत. शेवटी इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना व्हीलचेअरसकट उचलून वरखाली नेले. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडच्या किती कार्यालयांत आणि क्रीडा संकुलांत चाक वर चढेल असा उतार आहे, हे वाचकांनी आपापल्या तालुक्यात पाहावे.

धावण्याची शर्यत आणि वर्गवारी

रोममध्ये मैदानी प्रकार होते, पण ते फेकीचेच. व्हीलचेअरची शर्यत आली १९६४ च्या टोकियोत आणि अंतर होते फक्त ६० मीटर. तेव्हाच्या खुर्च्या रुग्णालयातल्याच, जड आणि वळवायला अवघड. आज शर्यतीची खुर्ची तीन चाकांची असते, पुढचे चाक लांब पुढे काढलेले असते आणि खेळाडू गुडघे दुमडून जवळपास ओणवा बसतो. यंत्र म्हणून पाहिले तर त्या दोन खुर्च्यांचे नातेही ओळखू येत नाही.

गुटमन यांच्यापुढचा सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच होता. कोणी कोणाशी लढायचे? कुस्तीत वजनी गट असतात, तसे इथे काय? मज्जारज्जूला इजा जितकी वर, तितके शरीर जास्त निकामी. मानेजवळ इजा असेल तर हाताच्या बोटांवरही परिणाम होतो. कमरेजवळ असेल तर पोट आणि पाठ शाबूत राहते. ज्याचे पोटाचे स्नायू काम करतात त्याचा गोळा अर्थातच लांब जाणार. म्हणून डॉक्टर तपासणी करून इजेच्या पातळीनुसार गट पाडत. त्या पद्धतीवर पुढे टीका झाली, कारण सगळा निर्णय डॉक्टरांच्या हाती राही आणि खेळताना शरीर प्रत्यक्षात काय करू शकते याचा विचार कमी होई. आजची वर्गवारी हालचालीची क्षमता तपासून होते. तरी तिचा सांगाडा तोच आहे. ‘टी’ म्हणजे ट्रॅक, ‘एफ’ म्हणजे फील्ड. ११ ते १३ दृष्टिबाधित, २० बौद्धिक अक्षमता, ४५ ते ४७ हातांचे दिव्यांगत्व, ५१ ते ५७ बसून खेळणारे. यातला शेवटचा गट म्हणजे थेट स्टोक मँडविलचा वारसा.

आपल्याकडे शालेय पातळीवर साधारणपणे दिव्यांगत्वाचा प्रकार आणि वयोगट एवढीच विभागणी असते. अस्थिव्यंग म्हटले की एका पायाने लंगडणारा मुलगा आणि दोन्ही पायांत बळ नसलेला मुलगा एकाच रांगेत येऊ शकतात. शर्यतीचा निकाल मग शिट्टीआधीच लागलेला असतो. जिल्ह्यातून राज्यावर आणि राज्यातून पुढे जायचे असेल, तर वर्गीकरणाचा क्रमांक लागतोच. तो मिळवायचा कसा, हे पालकांना मुलगा शाळेत असतानाच समजले तर वर्षे वाया जात नाहीत.

१९७२ : जर्मनीत, मराठी सैनिकाचे सुवर्ण

१९७२ चे ऑलिम्पिक म्युनिकला होते. पॅरालिम्पिक मात्र तिथे होऊ शकले नाही. क्रीडाग्रामातल्या सदनिका स्पर्धेनंतर लगेच खासगी घरे म्हणून द्यायच्या होत्या. त्यामुळे स्पर्धा हायडेलबर्गला हलल्या. ज्या देशाने गुटमन यांना डॉक्टरकी करू दिली नाही, त्या देशात ७३ वर्षांचे गुटमन जागतिक संघटनेचे प्रमुख म्हणून उभे होते.

याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. पेटकर लष्करात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार सुरू असताना पोहणे आधी व्यायाम म्हणून आले, स्पर्धा नंतर. म्हणजे गुटमन यांनी १९४४ मध्ये जो मार्ग आखला, त्याच वाटेने हा मराठी जवान हायडेलबर्गला पोहोचला होता. त्यांच्या परदेश प्रवासासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदत केली. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले, आणि घराघरांत नाव पोहोचले ते २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटानंतर.

शेवटची वर्षे

गुटमन यांना १९६६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. पुढच्या वर्षांत ते रुग्णालयातून निवृत्त झाले, स्पर्धांमधून नाही. १९६९ मध्ये स्टोक मँडविलला दिव्यांगांसाठी खास स्टेडियम उभे राहिले, त्याचे उद्घाटन राणी एलिझाबेथ यांनी केले. १९७६ च्या टोरांटो स्पर्धेत अवयव गमावलेले आणि दृष्टिबाधित खेळाडू पहिल्यांदा पदकांसाठी उतरले. तोपर्यंत पॅरालिम्पिकचे दार फक्त कण्याच्या इजेच्या खेळाडूंसाठी उघडे होते. एवढी वर्षे ते बाकीच्यांसाठी बंद राहिले, ही या कामातली मोठी उणीव मानावी लागेल.

ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. १८ मार्च १९८० रोजी वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मॉस्कोने ऑलिम्पिक घेतले, पण पॅरालिम्पिक घ्यायला नकार दिला. स्पर्धा नेदरलँड्समधल्या आर्नहेमला झाल्या. ऑलिम्पिकच्याच शहरात, त्याच मैदानांवर दोन्ही स्पर्धा होण्याची पद्धत १९८८ च्या सोलपासून पक्की झाली. गुटमन ते पाहायला नव्हते.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकची ज्योत स्टोक मँडविललाच पेटवण्यात आली. त्या स्पर्धेत भारताने २९ पदके मिळवली, त्यातली १७ मैदानी खेळांतली. गोळाफेकीच्या एफ-४६ गटात रौप्यपदक मिळाले सचिन खिलारी यांना. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडी तालुक्यातले करगणी हे त्यांचे गाव. शाळेत असताना अपघातात त्यांच्या डाव्या हाताला इजा झाली होती. पॅरिसच्या मैदानावर त्यांचा गोळा गेला १६.३२ मीटर.